आयल्साचे अडुसष्ट किलो

व्हर्न नोस्केशी माझं भांडण एकोणीस वर्षं चाललं. म्हणजे भांडत मी होते, त्याला पत्ताच नव्हता. माझी थोरली सहावीत असताना एके दिवशी चाळीस सेकंद उशिरा फाटकापाशी पोचली आणि हा शाळेची बस घेऊन निघून गेला. आरशात ती धावताना दिसत होती, हे नंतर त्यानं स्वतःच कबूल केलं. "थांबलो असतो ग्लेनिस, तर पुढच्या अकरा पोरांना चाळीस सेकंद उन्हात उभं राहावं लागलं असतं," म्हणाला. त्याच दिवशी मी त्याला मनातून उतरवून टाकलं. कुंपणाला कुंपण लागून घर, म्हणून बोलणं सोडता आलं नाही, एवढंच.

बोलणं टिकलं ते त्याच्या बायकोमुळे. आयल्सा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. नवऱ्याबद्दल मी जे मनात म्हणायचे, ते ती त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि तो मान हलवायचा. एकतीस वर्षं त्यानं एकाच रस्त्यावर बस चालवली. रोज चौऱ्याऐंशी किलोमीटर, त्याच गव्हाच्या शेतांमधून, त्याच फाटकांपाशी. निवृत्त झाला त्या दिवशी आयल्सानं हिशेब मांडला. "तेरा वेळा पृथ्वीला फेरी मारलीस बाबा," ती म्हणाली, "आणि मला अजून समुद्राचा तो कडा दाखवला नाहीस."

तो कडा म्हणजे दक्षिण किनाऱ्यावरचा, नलार्बरचा. तिथं जून ते सप्टेंबर देवमासे पिल्लं घेऊन येतात आणि वरून खाली बघितलं की आई आणि पिल्लू शेजारी शेजारी पोहताना दिसतात. आयल्सानं दातांच्या डॉक्टरकडे एका मासिकात फोटो बघितला होता. तो तिनं फाडून आणला, डॉक्टरच्या देखत. आमच्या गावापासून तो कडा दोन दिवसांच्या वाटेवर. लोक जाऊन येतात. ही दोघं कधी गेली नव्हती, कारण शाळेच्या सुट्टीत व्हर्न बस दुरुस्त करायचा.

तर त्यांनी कॅम्परव्हॅन, म्हणजे आत पलंग-शेगडी असलेली गाडी, मागवायचं ठरवलं. जुनी नको, कोरी. आमच्याकडे साठी उलटली की निम्म्या गावाला हे वेड लागतं, त्यात नवल नाही. नवल हे, की मेलबर्नला दुकानात जाताना त्यांनी मला बरोबर नेलं. मी धान्याच्या सायलोंपाशी, गावातल्या भुईकाट्यावर बसते. सुगीत गव्हाचे, बार्लीचे ट्रक माझ्या काट्यावरून जातात. वीस किलो जास्त भरले तरी मी ट्रक परत पाठवते, मग चालवणारा माझा सख्खा दीर का असेना. तो प्रसंगही होऊन गेलाय. व्हर्नचं म्हणणं, "गाडीतलं मला कळतं, गादीतलं आयल्साला. वजनातलं कळणारं कोणीतरी हवं."

दुकानातला माणूस ट्रेंट नावाचा, अंगात चुस्त कोट, पण खोटं बोलणारा नव्हता. आयल्सानं बूट काढले आणि नमुन्याच्या गाडीतल्या पलंगावर वीस मिनिटं आडवी झाली. लोक येत होते, डोकावत होते, माफ करा म्हणून मागे फिरत होते. व्हर्नला दोन वेगळे पलंग हवे होते, मध्ये जाण्यायेण्याला वाट असलेले, कारण तो रात्री दोनदा उठतो. आयल्साला गाडीच्या रुंदीभर आडवा, मोठा, एकच हवा होता.

"चव्वेचाळीस वर्षं तुझी लाथ खाऊन झोपतेय," ती पडल्या पडल्या म्हणाली. "आता सवय लागली. उठायचं तर माझ्यावरून चढून जा."

मग ट्रेंटनं वजनाचं सांगितलं. सगळी मिळून साडेतीन हजार किलोंच्या वर एक किलो चालत नाही. रिकामी गाडी, डिझेल, पाणी, गॅस वजा केला की उरेल त्यात बाकी सगळं बसवायचं. "तुम्ही दोघंही त्यातच धरायचे," तो म्हणाला.

"म्हणजे आम्ही सामान?" आयल्सा उठून बसली.

"कागदावर तसंच धरतात."

हे तिला इतकं आवडलं की त्या दिवसापासून ती व्हर्नला सामानच म्हणायला लागली. "चल सामान, जेवायला." "सामानाला विचार, त्याला चहा हवाय का." व्हर्ननं फॉर्मवर सही केली. पलंग आडवा. गाडी मिळायला सोळा महिने लागणार होते.

पुढच्या गुरुवारी दोघं माझ्या काट्यावर आली, चालत. ट्रक नव्हता मागे, म्हणून मी चालू दिलं. माझा काटा ट्रकांचा, तो वीस-वीस किलोंच्या टप्प्यांनीच आकडा दाखवतो. त्यानं व्हर्नला शंभर दाखवले आणि आयल्साला साठ.

"गावातला सगळ्यात सभ्य काटा आहे हा," आयल्सा म्हणाली. "ग्लेनिस, पावती दे. फ्रेम करून लावते."

मी खरंच पावती दिली. न्हाणीघरातल्या काट्यावर मात्र ती अडुसष्ट भरली आणि तो ब्याण्णव. व्हर्ननं ते दोन्ही आकडे शेडच्या भिंतीवर खडूनं लिहिले आणि त्याखाली एकेक वस्तू. दोन कप, दोन ताटल्या, किटली, रजई, पान्ह्यांची पिशवी, तिचं पक्ष्यांचं पुस्तक. प्रत्येक वस्तू तोलून. साबणाच्या वड्यासुद्धा. आमच्याकडची माणसं गाडी यायच्या आधी असंच करतात, पण इतकं कोणी केलेलं मी बघितलं नाही. शेवटी जागा भरली आणि चार वस्तू बाहेर राहिल्या. त्या चारही व्हर्नच्या जिवाच्या. आजोबांचं झाकणाचं बिडाचं भांडं, सात किलो. चर्चच्या हॉलमध्ये तो वाजवायचा ते अकॉर्डियन, नऊ किलो. आईच्या पद्धतीनं केलेल्या टरबुजाच्या मुरंब्याच्या बरण्या, पाच. गळाची पेटी, चार. "बाहेर" असं वर लिहून त्यानं ती चार नावं एका बाजूला लिहिली. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं.

"रडू नको," आयल्सा म्हणाली. "मी बारीक झाले की घे."

पिवळी पट्टी त्यानंतरची. व्हर्ननं शेडमधली जमीन धुतली आणि कारखान्याच्या नकाशावरून, मापात, पिवळ्या चिकटपट्टीनं अख्खी व्हॅन जमिनीवर काढली. इथे पलंग, इथे शेगडी, इथे फ्रीज, इथे सरकतं दार. मग दोघं रोज संध्याकाळी तासभर त्या पट्टीच्या आत राहायला लागली. सराव. एकानं भांडी विसळायची तर दुसऱ्यानं कुठे उभं राहायचं, कोणी आधी वाकायचं. नियम असा होता की आतबाहेर करायचं ते दाराच्या जागेतूनच. जो पट्टी ओलांडून भिंतीतून जाईल त्यानं चहा करायचा. मी कुंपणावरून बघायचे आणि हसायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही फ्रीजमधून आत शिरले, आणि मला तिघांचा चहा करावा लागला.

त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस इतका वाईट नसावा.

ऑगस्टात आयल्साची पोटदुखी सुरू झाली. आधी तिला वाटलं, चर्चमधल्या बायकांच्या केकनं होतंय. रविवारी सकाळी दोघं पट्टीच्या आत न्हाणीघरातला काटा ठेवून त्यावर उभी राहायची, तेव्हा ती अडुसष्टवरून सहासष्ट, मग चौसष्ट झाली, आणि आपण होऊन बारीक होतोय म्हणून खूश होती. मीही तिला म्हटलं, छान दिसतेस. ते माझे शब्द मला अजून टोचतात. बॅलरॅटच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतात पसरलेला. डॉक्टरनं वर्षाचं नाव काढलं नाही, महिन्यांचंच काढलं.

परत आल्यानंतरच्या रविवारी मी तिथेच होते. सूप घेऊन गेले होते. आयल्सा दाराच्या जागेतून आत गेली, काट्यावर उभी राहिली. एकसष्ट. मग तिनं एप्रनच्या खिशातून सामानाला बांधतात तशी पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली. ती आधीच लिहून आणलेली होती. कोपऱ्यात बिडाचं भांडं पडलं होतं, त्याच्या कडीला तिनं ती दोऱ्यानं बांधली. मी वाचली. "सात किलो. आयल्साकडून."

व्हर्ननं हातातला खडू भिंतीवर फेकला. त्याला रागावलेलं मी तेवढंच एकदा बघितलं. "मला नकोय ते भांडं."

"हवंय तुला. किती दिवस त्याच्याकडे बघतोयस."

"आयल्सा, मला नको."

"मग काय, रिकामी जागा घेऊन फिरणार आहेस?" ती म्हणाली. "वेड्यासारखं करू नको, सामाना. लिही भिंतीवर."

त्यानं खडूचा तुकडा उचलला आणि लिहिलं. "बाहेर" मधून भांडं खोडलं, आत घेतलं. तिच्या नावापुढे अडुसष्ट खोडून एकसष्ट केले. मी सूप तिथंच ठेवून घरी आले आणि नवऱ्यावर काही कारण नसताना ओरडले.

आता प्रश्न एकच होता, आणि तो गावात सगळ्यांना माहीत होता. आयल्साला ती गाडी मिळते का. ठरल्याप्रमाणे व्हॅन मार्चच्या शेवटी येणार होती. देवमाशांना जून उजाडतो, पण आयल्साला त्याचं काही नव्हतं. "मासे नसले तर पाणी बघेन," म्हणायची. "मला त्या पलंगावर एक रात्र झोपायचंय आणि सकाळी त्या दारातून समुद्राकडे पाय सोडून चहा प्यायचाय. जास्त मागतेय का मी?"

त्यांची मुलगी मेरिडिथ बॅलरॅटहून आली. बिचारी शहाण्या माणसासारखं बोलली. "डॅड, रद्द करा ती ऑर्डर. ममला आता घरी आराम हवा. आणि नंतर तुम्ही एकटे..."

"नंतरचं नंतर," व्हर्न म्हणाला.

"मी आहे इथे बसलेली," आयल्सा म्हणाली. "मेले असते तर माझ्यामागे असं बोललेलं चाललं असतं. रद्द करायची नाही."

नोव्हेंबरात कारखान्याकडून फोन आला, की आता बांधणी सुरू होणार, काही बदलायचं तर हीच शेवटची संधी. ट्रेंटचाच फोन होता. व्हर्ननं त्याला खरं काय ते सांगितलं. ट्रेंट म्हणाला, दोन वेगळे पलंग करून देतो, मध्ये वाट ठेवतो, आजारी माणसाला तेच सोयीचं; किंवा नोंदणीच सोडायची असेल तर मागे माणसं रांगेत आहेत, तुमचा तोटा होणार नाही. व्हर्ननं फोनवर हात ठेवून आयल्साकडे बघितलं.

"आडवा," ती म्हणाली. "मोठा. एकच. आणि त्या पोराला सांग, रांगेतल्यांना म्हणावं बसा."

नाताळापर्यंत ती बावन्नवर आली आणि अकॉर्डियनला चिठ्ठी लागली. "नऊ किलो. आयल्साकडून. पोल्का वाजवायचा नाही." फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात मुरंब्याच्या खोक्याला लागली. त्या वेळी व्हर्ननं वाद घातला नाही. तिनं सांगितलं की तो लिहायचा.

आणि गाडी येईना. परदेशातून यायचा गाडीचा सांगाडा बंदरात अडकला होता. मार्चची तारीख मे झाली. व्हर्न दर सोमवारी नऊ वाजता फोन करायचा. चाळीस सेकंद न थांबलेला माणूस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे, फोन कानाला लावून तो पपनसाच्या झाडाखाली उभा राहायचा, मान हलवायचा, आभार मानायचा. एकदाही आवाज चढवला नाही. मला वाटायचं, चढव रे बाबा, एकदा तरी चढव. इतकी वर्षं त्याला कोणीतरी थांबायला लावावं अशी माझी इच्छा होती. ती पुरी होत होती आणि मला ते बघवत नव्हतं.

मीच मग एक वाट काढली. हॉर्शममध्ये एका जोडप्याकडे अगदी तीच गाडी होती, तसाच पलंग. त्यांनी आठ दिवसांसाठी द्यायचं कबूल केलं, भली माणसं. मी मोठ्या उत्साहानं आयल्साला सांगायला गेले.

तिनं माझा हात धरला. तोवर तिचा हात नुसता काटकी झाला होता. "ग्लेनिस, तू चांगली आहेस. पण दुसऱ्याच्या पलंगावर मी का झोपू? माझा येतोय ना."

मी तिला समजवायला हवं होतं का, हे मला आजही कळत नाही. गेली असती तर समुद्र दिसला असता. कदाचित वाटेतच संपली असती. मी घरी जाऊन हॉर्शमला नको म्हणून कळवलं.

एप्रिलमध्ये हवा गार झाली आणि आयल्सा म्हणाली, मला शेडमध्ये झोपायचंय. मेरिडिथनं डोक्याला हात लावला. व्हर्ननं शेडच्या फटी बुजवल्या, हीटर आणला आणि पिवळ्या पट्टीच्या आत, पलंगाच्या जागेवर, कारखान्याच्या मापानं, त्याच उंचीचा लाकडी चौथरा बांधला. रुंदीभर आडवा. त्यावर जाड गादी. नळाच्या जागी बादली ठेवली, खिडकीच्या जागी मासिकातला तो फोटो दोरीला टांगला. दोघं तिथं राहायला गेली. रात्री उठायचं झालं की तो तिच्यावरून, तिला धक्का न लावता, कसा चढून जायचा देव जाणे. ब्याण्णव किलोंचा माणूस.

रोज दुपारी इस्पितळातली नर्स यायची, प्रिया नावाची, नवीन होती. पहिल्या दिवशी ती औषधांची पेटी घेऊन सरळ चौथऱ्यापाशी गेली.

"तुम्ही आत्ता फ्रीजमधून आलात," आयल्सा क्षीण आवाजात म्हणाली.

"अं?"

"दार तिकडे आहे. व्हर्न, हिला सांग चहा कुठे ठेवलाय."

प्रियानं चहा केला. दुसऱ्या दिवशीपासून ती दारातून यायची आणि पाय पुसून यायची.

सकाळी आयल्सा डोळे उघडून विचारायची, "आज कुठे आहोत?" आणि व्हर्न नकाशा बघून सांगायचा. पहिल्या दिवशी बॉर्डरटाउन. मग मरे नदीच्या पुलापाशी. मग पोर्ट ऑगस्टा. त्याला रस्ता तोंडपाठ होता, न गेलेला. आज डावीकडे मिठाची तळी लागली, आज वाऱ्यानं गाडी हलत होती, आज पंपावरची बाई तुसडी होती. एकतीस वर्षांत जो माणूस पोरांना "बसा" आणि "उतरा" याच्यापलीकडे बोलला नव्हता, तो अर्धा अर्धा तास बोलायचा. मी दुधाची बाटली घेऊन गेले की मलाही पाच मिनिटं थांबावंसं वाटायचं.

सेडुना आलं. तिथून पुढे कडाच. त्या सकाळी व्हर्न म्हणाला, "उद्या पोचू."

"नको," आयल्सा म्हणाली. "इथंच राहू या."

"का गं?"

"देवमासे खरे बघायचेत. शेडमध्ये नकोत मला." आणि मग म्हणाली, "मला काट्यावर धर."

त्यानं तिला उचलून धरलं आणि काट्यावर पाय टेकवू दिले. त्रेचाळीस. गळाच्या पेटीची चिठ्ठी तिला लिहिता आली नाही. तिनं सांगितली, मी लिहिली, माझ्याच अक्षरात. "चार किलो. आयल्साकडून." चार दिवस ती दोघं सेडुनामध्ये राहिली. पाचव्या दिवशी सकाळी आयल्सानं काही विचारलं नाही.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. मागच्या पाच बाकांवर त्याच्या बसमधली, आता टक्कल पडलेली आणि पोट सुटलेली पोरं बसली होती. माझी थोरलीही आली होती. सँडविचेस झाली, चहा झाला. व्हर्ननं सगळ्यांशी हात मिळवले. मी त्याचा टाय सरळ केला.

सात आठवड्यांनी, जूनमध्ये, गाडी तयार असल्याचा फोन आला.

तो आगगाडीनं मेलबर्नला गेला आणि व्हॅन घेऊन आला. पांढरी, बाजूला निळी रेघ. रेघेचा रंग आयल्सानं निवडला होता. त्यानं ती घरासमोर उभी केली आणि नऊ दिवस हात लावला नाही. गाव म्हणायला लागलं, विकणार. मेरिडिथनं मला फोन करून विचारलं, डॅड काही बोलले का. मी काय सांगणार? मला कुंपणावरून एवढंच दिसायचं की तो शेडमध्ये जातो आणि पट्टीच्या दारातूनच आत जातो. एकटा असला तरी. शेगडीच्या जागेपाशी उभा राहतो, आणि मग अंग चोरून बाजूला होतो, कोणाला तरी जाऊ देण्यासाठी.

दहाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी काट्याच्या खोलीत बसले होते. मागे कनोलाच्या तेलबियांचा एक ट्रक येत होता. त्याच्या पुढे ती पांढरी व्हॅन वळली आणि काट्यावर मधोमध येऊन उभी राहिली, इंचाचा फरक नाही. व्हर्ननं काच खाली केली.

"सगळं भरलंय," तो म्हणाला. "पाणी, डिझेल, गॅस, सामान. निघायच्या आधी तोलून घ्यावं म्हटलं."

मी आकडा बघितला. तीन हजार चारशे चाळीस.

"माणसं किती?" मी विचारलं. पावतीवर तो रकाना असतो, सवयीनं तोंडातून गेलं आणि जीभ चावावीशी वाटली.

व्हर्ननं शेजारच्या सीटकडे बघितलं. मग माझ्याकडे. "एक," तो म्हणाला.

मी एक लिहिलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "साठ किलो शिल्लक आहेत तुझे."

"तुझ्या काट्यावर साठ. घरच्या काट्यावर अडुसष्ट."

मी वजनातली बाई. डोक्यात बेरीज आपोआप होते, थांबवता येत नाही. आयल्सा शेवटी त्रेचाळीस होती. तिचं वजन गेलं तर गाडीत त्रेचाळीस रिकामे हवेत, अडुसष्ट कसे? वरचे पंचवीस कुठले? सात, नऊ, पाच, चार.

"व्हर्न," मी म्हणाले, "भांडं कुठाय?"

"तुझ्या मागच्या पायरीवर ठेवलंय. अकॉर्डियनपण. मुरंबा खा, गळाची पेटी कोणालातरी दे."

"अरे, ते तिनं तुला दिलं होतं."

"दिलं होतं," तो म्हणाला. "मी परत केलं. आम्ही गाडी मागवली तेव्हा ती अडुसष्ट होती, ग्लेनिस. तेवढी जागा तिची."

मागे ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. मला राग आला, ट्रकवाल्याचा, बंदराचा, त्या सांगाड्याचा, सगळ्यांचाच. आणि त्या रागात मी आयल्साचेच शब्द बोलून गेले. "मग काय, रिकामी जागा घेऊन फिरणार आहेस?"

"हो," व्हर्न म्हणाला.

समोरची ऊन अडवायची झडप त्यानं खाली केली. शेजारच्या सीटपुढची, तिच्या बाजूची. तिला दोऱ्यानं चार पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या, तीन तिच्या अक्षरातल्या आणि एक माझ्या. "एवढं ठेवलंय," तो म्हणाला. "न्हाणीघरातल्या काट्यावर टाकून बघितल्या. काही दाखवत नाही."

मी पावतीवर शिक्का मारायला गेले तर शिक्का दिसेना. मला भडभडून आलं होतं आणि मी ते लपवलं नाही, लपवून कोणाला फसवणार. कागद ओला झाला, तो टाकला, दुसरा घेतला. त्यावरही शाई पसरली. मागचा भोंगा परत वाजला.

"जा तू," मी म्हणाले. "पावती पोस्टानं पाठवते. तुला उशीर होईल."

व्हर्ननं इंजिन बंद केलं.

"सावकाश लिही," तो म्हणाला. "मी थांबतो."